निवासगृहाचं मानांकन: अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत

आमच्या ज्येष्ठांच्या निवासगृहासाठी दर्जा आणि सुरक्षिततेचं मानांकन घ्यायचं असं विश्वस्तांनी ठरवलं, तेव्हा ते काम माझ्या टेबलावर येणार हे उघडच होतं. मी इथलं कार्यालय सांभाळते. नर्सिंग हे माझं क्षेत्र नाही. जानेवारीत अर्ज भरला, नोव्हेंबरात प्रमाणपत्र आलं. मधल्या काळात ज्याला विचारावं तो "फाइल नीट ठेवा" एवढंच सांगायचा. फाइल म्हणजे नक्की काय, तपासायला येणारी माणसं कुठे बघतात, पैसे कशावर जातात, हे कुणी बसून सांगितलं नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. तुमच्याकडे येणारा नमुना वेगळा असेल, कलमांचे क्रमांक वेगळे असतील. विचारतात ते साधारण हेच.

अर्जाबरोबर स्वयंमूल्यांकनाचा तक्ता आला. ओळींमागून ओळी, आणि प्रत्येकीसमोर 'आहे', 'अंशतः', 'नाही' अशा तीन चौकटी. पहिल्यांदा पानं उलटली तेव्हा पोटात गोळा आला. आमच्या मुख्य सिस्टरांनी मग तो वाचायचा कसा ते दाखवलं. प्रश्न कितीही असले तरी ते तीनच जातींचे असतात: काय आहे, काय करता, आणि त्यातून काय झालं. रचना, प्रक्रिया आणि परिणाम ही विभागणी अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडली आणि आरोग्यसेवेतल्या पुष्कळशा मानकांचा सांगाडा अजून तोच आहे. बाथरूममध्ये धरायला दांडी आहे, ही रचना. ठरलेल्या दिवशी कुणीतरी ती ओढून बघतं आणि सही करतं, ही प्रक्रिया. बाथरूममध्ये पडण्याचे प्रसंग कमी झाले, हा परिणाम. आमच्याकडे दांड्या भरपूर होत्या. त्या ओढून बघणारा माणूसही होता, पण त्याची सही कुठे नव्हती. आणि पडण्याचे आकडे विचारले तर "फारसं कुणी पडत नाही" हे उत्तर.

जिथे खरोखर अंशतः आहे तिथे 'अंशतः'च लिहा. 'आहे' म्हटलेल्या प्रत्येक ओळीचा पुरावा मागतात, आणि एक 'आहे' पोकळ निघाला की बाकीच्यांकडेही त्याच नजरेने बघतात.

फेब्रुवारी कागदपत्रांत गेला. नोंदणी, इमारतीचे दाखले, अग्निसुरक्षेचा दाखला, पाण्याच्या तपासणीचे अहवाल, लिफ्टची देखभाल, विमा, जवळच्या रुग्णालयाशी करार, कर्मचाऱ्यांची पूर्वचारित्र्य पडताळणी आणि आरोग्य तपासणी. यातलं बाहेरच्यांच्या हातात असलेलं सगळं आधी हलवा. अग्निसुरक्षेच्या दाखल्यासाठी आम्ही सगळ्यात जास्त थांबलो आणि त्याच्याशिवाय पुढचा टप्पा उघडतच नव्हता.

निवाशांशी केलेला करार मात्र घरात बसून सुधारता येतो आणि तो बारकाईने वाचतात. शुल्क कधी आणि कशाच्या आधारे वाढणार, अनामत किती दिवसांत परत, माणूस रुग्णालयात असताना खोली राखून ठेवणार का, आणि 'आम्ही यापुढे सांभाळू शकत नाही' असं म्हणण्याची वेळ नेमकी कोणती. आमच्या जुन्या करारात शेवटच्या मुद्द्यावर "व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील" एवढं एकच वाक्य होतं. ते काढायला लागलं. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये ज्येष्ठांसाठी जी १८ तत्त्वं स्वीकारली, त्यातलं एक थेट निवासगृहांबद्दल आहे: माणूस कुठल्याही निवारागृहात किंवा उपचारकेंद्रात राहत असला तरी त्याचा खासगीपणा, श्रद्धा आणि स्वतःच्या देखभालीबद्दल निर्णय घेण्याचा हक्क शाबूत राहतो. नवा करार लिहिताना मी ते समोर ठेवलं होतं. आणि अक्षर मोठं ठेवा. सही करणाऱ्याला भिंग लागत असेल तर तो करार वाचून झाला असं कसं म्हणायचं?

मार्चपासून देखभाल आराखड्यांना हात घातला. प्रत्येक निवाशाचा स्वतंत्र आराखडा, त्यात जोखमीचं मोजमाप, आणि तब्येतीत बदल झाला की फेरमोजमाप. बेडसोरसाठी, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांसाठी, आम्ही ब्रेडन मापन घेतलं. संवेदना, ओलसरपणा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि अंथरुणावर घासलं जाणं या सहा गोष्टींना गुण देतात. बेरीज ६ ते २३ मध्ये येते आणि १८ किंवा कमी आली की जोखीम धरतात. पडण्यासाठी 'उठा आणि चाला' चाचणी. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष ठेवायचं. घड्याळ आणि जमिनीवर चिकटपट्टीची एक खूण, एवढंच सामान. दर महिन्याला वजन. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरलं तर डॉक्टरांना कळवायचं, हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर डकवला.

या सगळ्यात माझ्या लक्षात राहिलं ते सिस्टरांनी मावश्यांना दिलेलं पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक. एका आजींची परवानगी घेऊन त्यांनी टाचेवरचा डाग दाखवला. बोटाने दाबला, सोडला. "दाबल्यावर फिका पडून परत रंग आला तर ठीक. दाबूनही रंग तसाच राहिला तर जखम आतून सुरू झाली म्हणून समजा." मग म्हणाल्या, "पण सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. हाताची मागची बाजू लावा. बाजूच्या कातडीपेक्षा गरम लागतंय का, घट्ट लागतंय का, की उलट लिबलिबीत?" एका मावशींनी लगेच विचारलं, "आणि हे लिहायचं कुठे?" तेव्हा आमच्या तक्त्यात नुसता 'लाली: हो/नाही' असा रकाना होता. त्याच दुपारी तो बदलून 'रंग, तापमान, घट्टपणा' केला.

खरा खटका उडाला तो घटना नोंदवहीवरून. पडणं, चुकीचं औषध, जखम हे तर लिहायचंच. शिवाय थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहायचे असा सिस्टरांचा आग्रह. कुणी लिहीना. लिहिलं की आपल्यावर येणार ही भीती. शेवटी विश्वस्तांकडून लेखी सूचना काढून घेतली की नोंद केल्याबद्दल कुणाला शिक्षा होणार नाही, लपवल्याबद्दल होईल. त्यानंतर वही भरायला लागली. एप्रिलच्या बैठकीत आकडे बघून एक विश्वस्त दचकले.

"म्हणजे पडण्याचं प्रमाण वाढलं?"

"पडणं नाही वाढलं, सर. लिहिणं वाढलं," सिस्टर म्हणाल्या.

हे समजावून सांगायला मला दराची मदत झाली. नुसती संख्या ठेवू नका, कारण निवासी कमीजास्त होतात. पडण्याचे प्रसंग भागिले निवासी-दिवस, गुणिले १०००. समजा ४० निवासी आणि ३० दिवस, म्हणजे १२०० निवासी-दिवस. त्यात ३ प्रसंग झाले तर दर २.५. हा आकडा महिन्यामागून महिना आलेखावर टाकला की चित्र दिसतं. त्यात वेळ आणि जागा हे रकानेही ठेवा. आमचे बरेच प्रसंग पहाटे, पलंग ते संडास या वाटेवर होते. पलंगाखाली हालचालीने लागणारे छोटे दिवे बसवले. पूर्ण खर्चात हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामी आलेला खर्च.

त्याच सुमारास पलंगाच्या कठड्यांचा विषय निघाला. मानकांत कठडा हा बांधून ठेवण्याचा प्रकार धरतात, म्हणजे त्याला कारण, संमती आणि ठरावीक काळाने पुनर्विचार लागतो. नातेवाइकांना मात्र कठडा म्हणजे काळजी वाटते. एका आजींच्या मुलाने फोनवर आवाज चढवला, "कठडे काढलेत आणि आई पडली तर जबाबदार कोण?"

"दादा, त्या कठड्यावरून चढून उतरतात," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पलंगावरून पडणं वेगळं, कठड्यावरून पडणं वेगळं. उंची वाढते. शिवाय गजांमध्ये अडकायची भीती."

फोनवर हे सुटलं नाही. त्यांना बोलावलं, आजींनाही बसवलं. आजींनी सांगितलं की रात्री लघवीला जायचं असतं आणि बेल वाजवायचा संकोच वाटतो. मग ठरलं ते असं: खाली होणारा पलंग, बाजूला गादी, रात्री ठरावीक वेळी मावशींनी स्वतःहून विचारायचं. निर्णयाच्या कागदावर आजी, मुलगा आणि सिस्टर अशा तिघांच्या सह्या. असे कागद तुमच्याकडेही होतील. ते जपून ठेवा, कारण सुरक्षितता आणि स्वातंत्र्य यांची रस्सीखेच तुम्ही कशी सोडवता हेच त्यातून दिसतं.

गीझरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि मी बराच वेळ गोंधळले होते. एका कलमात अंघोळीचं पाणी नळाला साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर नको. ६० अंशांच्या पाण्याने निरोगी प्रौढ माणूससुद्धा पाचेक सेकंदांत गंभीर भाजतो. म्हातारपणी कातडी पातळ, चटका जाणवायला उशीर आणि हात मागे घ्यायलाही उशीर. म्हणून मी सरळ गीझर ४५ वर लावायला सांगणार होते. तर प्लंबर म्हणाले, पुढचं कलम वाचा. पुढच्या कलमात साठवणीतलं पाणी ६० अंश हवं. कारण लेजिओनेला. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या संमेलनात न्यूमोनियाची साथ आली, तिच्या तपासात हा जिवाणू ओळखला गेला, नावही तिथूनच पडलं. साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात तो वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणजे टाकीत कोमट पाणी ठेवणं हा उपाय नव्हे.

तोड अशी की टाकीत ६० ठेवायचं आणि नळाजवळ थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून तिथे गार पाणी मिसळायचं. व्हॉल्व्ह स्वस्त नाहीत. आम्ही आधी मदतीने अंघोळ घालतात त्या बाथरूममध्ये बसवले, बाकीच्यांचं वेळापत्रक लिहून दिलं, आणि तपासनिसांनी ते मान्य केलं. व्हॉल्व्ह बसवला तरी अंघोळीआधी थर्मामीटरने पाणी मोजून लिहायचं, हे सुटत नाही. रिकाम्या खोल्यांतले नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा सोडून ठेवायचे, कारण साचलेल्या पाण्यातही तीच भीती. शॉवर सोडताना तोंडावर तुषार येणार नाहीत असं उभं राहा.

औषधांचं काम सिस्टरांच्या हातात होतं, त्यामुळे मी फार लिहीत नाही. योग्य माणूस, औषध, मात्रा, मार्ग, वेळ ही पाच पडताळणी सगळ्यांना पाठ असते. अडकतात ते बारीक गोष्टींत. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख हवी, कारण बहुतेक थेंब उघडल्यावर चार आठवड्यांत टाकायचे असतात. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देत असाल तर डॉक्टर-फार्मासिस्टची लेखी संमती हवी. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर पूर्ण दिवसाची मात्रा एकदम अंगात जाते. आणि 'गरज पडल्यास' लिहिलेलं झोपेचं औषध दिलं तर का दिलं आणि उपयोग झाला का, दोन्ही लिहायचं. या निमित्ताने डॉक्टरांनी सगळ्यांच्या औषधांचा फेरविचार केला आणि काहींच्या झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या. पडण्याशी त्यांचं नातं जुनं आहे.

जुलैत आगीचं मॉक ड्रिल. दिवसा आम्ही ते कैक वेळा केलेलं, सगळं सुरळीत. तक्त्यात मात्र 'कमीत कमी कर्मचारी असतानाचं ड्रिल' असं लिहिलेलं, म्हणजे रात्री. एक सिस्टर, दोन मावशी आणि चौकीदार. निवाशांना आदल्या दिवशी कल्पना दिली आणि ज्यांना उठवायचं नव्हतं त्यांच्या जागी पलंगावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. उभं राहून बघताना पहिल्या काही मिनिटांतच कळलं की सगळ्यांना जिन्याने खाली आणणं एवढ्या माणसांना शक्यच नाही. अशा घरांसाठी पद्धत वेगळी असते: आग लागलेल्या भागातून माणसं त्याच मजल्यावर अग्निरोधक दारापलीकडच्या भागात न्यायची, दार बंद करायचं, आणि पुढची मदत येईपर्यंत तिथे थांबायचं. ते दार तेवढा वेळ आग आणि धूर अडवतं, बंद असेल तर. आमचं दार व्हीलचेअरची ये-जा सोपी व्हावी म्हणून लाकडाचा गुटका लावून कायम उघडं असायचं. गुटका काढला तर दिवसभर दार लोटताना म्हाताऱ्या माणसांचे हाल. शेवटी चुंबकाने उघडं धरणारं आणि गजर झाला की आपोआप सुटणारं यंत्र बसवलं. पूर्ण प्रकल्पातला सगळ्यात मोठा एकरकमी खर्च हाच. पलंगावरून माणसाला गादीसकट ओढत नेण्याच्या खास चादरी त्यामानाने किरकोळ. कोण चालतो, कोण व्हीलचेअरवर, कोणाला ओढून न्यायचं याची यादी रात्रीच्या सिस्टरांच्या टेबलाखाली चिकटवली आहे आणि कुणी नवं आलं की ती त्याच दिवशी बदलते.

ऑगस्टमध्ये कागदपत्रांची छाननी झाली, शंकांचं पत्र आलं, उत्तर दिलं. सप्टेंबरात प्रत्यक्ष तपासणी. दोन तपासनीस, दोन दिवस. मी कार्यालयात फाइली रंगाप्रमाणे मांडून बसले होते. ते आले पहाटे, रात्रपाळी उतरायच्या आधी, आणि थेट हँडओव्हरला जाऊन उभे राहिले. रात्रीच्या मावशींना विचारलं, "काल रात्री सगळ्यात अवघड काय गेलं?" मग त्यांनी सांगितलेला प्रसंग नोंदवहीत, आराखड्यात आणि घरच्यांना केलेल्या फोनच्या नोंदीत शोधला. दोन दिवस हीच रीत. एक माणूस निवडायचा आणि त्याचा माग कागदोपत्री काढायचा. निवाशांशी बोलताना आम्हाला दाराबाहेर थांबवलं. घटना नोंदवहीत एका महिन्याची पानं जवळजवळ कोरी होती, तिथे बोट ठेवून विचारलं, "या महिन्यात काय झालं होतं?" तो जानेवारी होता, नोंदी सुरू व्हायच्या आधीचा. तसं सांगितलं, विश्वस्तांची लेखी सूचना दाखवली. ते त्यांना पटलं.

मावश्यांना घाबरू नका म्हणून सांगून ठेवा आणि उत्तरं पाठ करून घेऊ नका. हात कधी धुता, असं विचारल्यावर एकीने जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण घडाघडा म्हणून दाखवले. तपासनीस हसले आणि म्हणाले, आता करून दाखवा.

त्रुटी निघाल्या त्यातल्या दोन सांगण्यासारख्या. तक्रारवही कार्यालयात, म्हणजे तक्रार करायला आधी माझ्याकडेच मागावी लागणार. आता कुलूपबंद पेटी जेवणघराबाहेर आहे आणि किल्ली निवाशांच्या समितीकडे. दुसरी, बाथरूममधल्या मदतीच्या दोऱ्या, ओढल्या की बेल वाजते त्या. फरशी पुसताना अडतात म्हणून त्या गुंडाळून वर बांधलेल्या. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचणार कसा?

ऑक्टोबरात पूर्तता अहवाल. प्रत्येक त्रुटीसमोर तीन गोष्टी मागतात: लगेच काय केलं, कारण काय होतं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. "संबंधितांना समज दिली" हे उत्तर चालत नाही, परत येतं. आधीचे-नंतरचे फोटो तारखेसह जोडा. मुदत चुकली तर फेरतपासणीचं शुल्क वेगळं भरावं लागतं, त्यामुळे काही अडलं तर मुदत संपायच्या आत लेखी कळवा. मधे बरेच दिवस काहीच कळलं नाही. फोन केला की "प्रक्रियेत आहे". मग नोव्हेंबरात ईमेल आला.

प्रमाणपत्राला मुदत असते आणि मधे देखरेख तपासणी होते, तेव्हा फाइली कपाटात टाकून चालत नाही. आम्ही महिन्याला एकच पान ठेवतो: पडण्याचा दर, नवे बेडसोर, औषधांच्या चुका, वजन उतरलेले निवासी, तक्रारी आणि त्यांचं काय झालं. ते सूचनाफलकावर लागतं, नातेवाईकही वाचतात. दोऱ्या अजूनही अधूनमधून वर बांधलेल्या सापडतात, म्हणून सोमवारच्या फेरीत त्यांचा रकाना वेगळा ठेवला आहे आणि ती फेरी सफाईवाल्या मावशीच करतात.